बॉटमचा मुका भोंगा

मी एक जुना भोंगा आहे. गिरणीचा नाही, शाळेचाही नाही. मी वादळाचा भोंगा आहे. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या एका काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, रेल्वेच्या रुळांपलीकडे, एका पोलादी खांबाच्या टोकावर मी बसलेलो असतो. माझा पिवळा रंग विटला आहे आणि उजव्या कर्ण्यात चिमण्यांनी घरटे केले आहे. मित्रांनो, माझी गोष्ट भीतीची आहे. त्याला माझा इलाज नाही. माणसांना वेळेवर भिववणे हेच माझे काम.

मला घडवले ते एका वेगळ्याच भीतीसाठी. आकाशातून बॉम्ब पडतील, असे त्या काळी सगळ्यांना वाटत होते. कारखान्यात माझ्या पोटात मोटर बसवली, दोन्ही अंगांना दोन कर्णे जोडले आणि मला इथे आणून उभे केले. बॉम्ब काही पडले नाहीत. मग काउंटीने मला टोर्नॅडोच्या कामाला लावले. हे फिरते वादळ आमच्याकडे दर वसंतात येते. आकाशातून सोंड उतरावी तसे ते उतरते आणि ज्याला शिवते ते उचलून नेते.

मी उंचावर असल्यामुळे मला काउंटीच्या दोन्ही बाजू दिसतात. उजव्या कर्ण्यासमोर तळे आहे. तिथे विटांची घरे आहेत आणि बहुतेक घरांत जमिनीखाली वादळात लपायची पोलादी खोली आहे. तिथे निवृत्त झालेली माणसे राहतात. ती बहुतेक गोरी आहेत. डाव्या कर्ण्याखाली नदीकाठची सखल वस्ती आहे. तिला सगळे बॉटम म्हणतात. इथली घरे म्हणजे ट्रेलर, चाकांवरून आणून ठेवलेले पत्र्याचे लांब डबे. वारा त्यांच्या पोटाखालून शिरतो. इथली माणसे बहुतेक काळी, आणि अलीकडे कॅटफिश मासे कापण्याच्या कारखान्यात कामाला आलेली, स्पॅनिश बोलणारी. मुले मात्र दोन्ही बाजूंत सगळ्यांत जास्त इथेच.

कचेरीत एक आकडा सांगतात. या काउंटीत शंभरातली वीस माणसे गरीब आहेत. मी वरून पाहतो तेव्हा तळ्याकाठी शंभरात चार-पाच दिसतात आणि बॉटममध्ये निम्म्याहून जास्त. वीस हा आकडा जिथे बसेल अशी एकही गल्ली मला सापडलेली नाही. तळ्याकाठी नवी घरे बांधली गेली तेव्हा तो आकडा आणखी खाली आला. त्या वर्षी बॉटममधल्या एकाही चुलीवर एक पदार्थ जास्त शिजला नव्हता.

माझ्या खांबाला लागूनच वस्तीचे चर्च आहे. पूर्ण बॉटममध्ये विटांची भिंत तेवढी एकच. मी ओरडलो की सगळे ट्रेलर सोडून तिकडे धावत. मग दार लागे आणि मिस ओडेसा हजेरी घेत असे.

मिस ओडेसा टिलमन माझ्या खांबासमोरच राहत असे. तिने सगळे आयुष्य शाळेच्या स्वयंपाकघरात काढले होते. बॉटममधले प्रत्येक माणूस कधी ना कधी तिच्या हातचे जेवले होते, त्यामुळे तिला प्रत्येकाचे पूर्ण नाव पाठ होते. बाहेर वादळ गरजत असताना ती एकेक घर घेई, एकेक नाव उच्चारी, आणि अंधारातून उत्तर येई, "हजर." शेवटचे उत्तर आले की मग माणसे रडत किंवा हसत. त्याआधी नाही.

दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी काउंटीचा माणूस, वेन हॅटली, मला तपासायला येई.

"वेन, तुझ्या या भोंग्यामुळे माझ्या कोंबड्या अंडी देईनात," मिस ओडेसा पायरीवरून म्हणे.

"मिस ओडेसा, तुमच्याकडे कोंबड्याच नाहीत."

"मग? घाबरून पळाल्या त्या!"

वेन हसे. मग ती उठून माझ्या खांबावर थाप मारी. "आहेस ना रे जागेवर?" मला बरे वाटे.

मित्रांनो, बॉटममध्ये वादळाहून मोठी एक भीती होती. ती दारावरच्या थापेची. ट्रेलर भाड्याचे होते आणि मालकाचा माणूस मिस्टर फेल्प्स अधूनमधून येऊन पाहणी करी. मिस ओडेसाचा करार एकट्या माणसाचा होता. तिची मुलगी लॅव्हॉन कारखान्यात काम करी. लॅव्हॉनला वेगळे घर परवडेना, म्हणून ती तीन मुलांसह आईकडेच राहत होती. फेल्प्सला हे कळले असते तर सगळ्यांनाच बाहेर पडावे लागले असते. म्हणून मुलांना नियम शिकवलेला होता. दार वाजले की मोठ्या दोघांनी, म्हणजे कॉर्डेल आणि निया यांनी, मागच्या दाराने निघून जायचे. धाकटी जुनिपर पाच वर्षांची होती. तिने पाणी तापवायच्या टाकीशेजारच्या कपाटात बसायचे.

"चूं नाही करायचं," मिस ओडेसा तिला सांगे. "कोणीही हाक मारू दे. मी चर्चमधल्यासारखी पूर्ण नावानं हाक मारली, तरच बाहेर यायचं."

मग माणसे मोजण्याचे वर्ष आले. गळ्यात सरकारी ओळखपत्राचा पट्टा अडकवलेली एक बाई दारोदार फिरू लागली.

"किती जण राहता, मॅम?" तिने मिस ओडेसाला विचारले.

"मी आणि माझा संधिवात."

बाई हसली. तिची नजर पायरीवरच्या छोट्या लाल बुटावर गेली. "आणि हा?"

"चर्चची मुलं. कुठंही बूट सोडून जातात मेली."

बाईने 'एक' लिहिले. शेजारच्या एलव्हिराने तर रेडिओ बंद केला, पडदे ओढले आणि आठ माणसांचे घर रिकामे असल्यासारखे करून टाकले. मी वरून पाहत होतो. गल्लीच्या गल्ली श्वास रोखून बसली होती. कोणालाही दोष द्यावा असे मला वाटले नाही. भीती खरी होती.

दोन वर्षांनी वेन शिडी घेऊन आला. तो बुधवार नव्हता.

"मिस ओडेसा, याची तार काढायची आहे."

"का रे? आजारी पडला का?"

"नाही हो. मोजणीत इथं ऐकायला माणसंच कमी भरली, असं कचेरी म्हणते. नवा भोंगा तळ्याकाठी बसवलाय. त्याचा आवाज इथवर येईल म्हणतात."

"माणसं कमी झाली? रविवारी चर्चमध्ये ये. उभं राहायला जागा मिळाली तर मला सांग."

"मला माहीत आहे. पण मी कागद नाही ना, मिस ओडेसा."

वेनने माझी तार कापली, तिचे वेटोळे करून खोक्यात ठेवले आणि खोके खांबाला टांगून तो गेला. संध्याकाळी ती माझ्याजवळ आली. नेहमीसारखी थाप तिने मारली नाही. नुसता हात ठेवून उभी राहिली.

एप्रिलमधल्या एका दुपारी आकाश हिरवे झाले. तुम्ही हिरवे आकाश पाहिले नसेल. पाहू नये. पक्षी गप्प झाले. शाळा लवकर सोडली होती, त्यामुळे मुले घरी होती. पहिल्याच झोताने विजेचे खांब पाडले आणि फोनही बंद पडले. नैर्ऋत्येला ढगातून सोंड उतरताना मला स्पष्ट दिसली. माझ्याखाली एलव्हिरा दोरीवरचे कपडे काढत होती. कोणी ट्रेलरची खिडकी लावत होते. तळ्याकाठचा नवा भोंगा ओरडत असणार, पण वारा आमच्याकडून तिकडे वाहत होता. त्याचा आवाज त्याच्याच दिशेला मागे ढकलला जात होता.

मी ओरडायचा प्रयत्न केला. पोटात मोटर होती, वीज गेली तरी चालणारी बॅटरी होती, कर्णे होते, तार तेवढी नव्हती. सगळे दिसते आहे आणि सांगता येत नाही, यासारखी भीती दुसरी नाही.

मिस ओडेसा पायरीवर आली. तिने आकाशाकडे पाहिले, मग माझ्याकडे. ती आत धावली आणि बिडाचा जड तवा घेऊन बाहेर आली. "कॉर्डेल, बहिणींना घेऊन चर्चमध्ये पळ!" असे ओरडून तिने तो तवा माझ्या खांबावर हाणला.

मी सबंध थरारलो. खांब घंटेसारखा वाजला. ती हाणतच राहिली. दारे उघडली, माणसांनी वर पाहिले आणि ती धावत सुटली. कॉर्डेल आणि निया धावताना मला दिसले. धाकटी आजीपाशी आहे असे त्यांना वाटले. आजीला वाटले, ती त्यांच्याबरोबर गेली. आणि जुनिपरने धाडधाड ठोकण्याचा आवाज ऐकला होता. तिला शिकवले होते तेच तिने केले. ती कपाटात जाऊन बसली.

मी ते खिडकीतून पाहिले. त्याच क्षणी चर्चमधल्या दोघांनी मिस ओडेसाला ओढून आत नेले आणि दार लागले.

मग ते आले. मालगाडी अंगावरून जावी असा आवाज झाला. माझा खांब वाकला, डावा कर्णा चेपला. ट्रेलरची एक रांगच्या रांग कागदासारखी चुरगळली.

नंतर पाऊस लागला. काउंटीची माणसे आली. वेनही होता. एक तरुण शिपाई मिस ओडेसाच्या घराच्या ढिगाशी गेला, पत्र्यावर दणदण वाजवून ओरडला, "कोणी आहे का आत?" उत्तर आले नाही. त्याने हातातला कागद पाहिला. "इथं एकच म्हातारी आहे. ती चर्चमध्ये सुखरूप आहे," असे म्हणून त्याने पत्र्यावर नारिंगी फुली मारली. पाहून झालेल्या घराची ती खूण असते. तो पुढे गेला. फुलीखालून एक लाल बूट डोकावत होता.

चर्चच्या काचा फुटल्या होत्या. आत हजेरी सुरू होती. एलव्हिराच्या घरची आठही माणसे हजर म्हणाली. शेवटी मिस ओडेसाचे स्वतःचे घर राहिले. मिस्टर फेल्प्स त्या दिवशी भाडे गोळा करायला आलेला असल्याने आतच अडकला होता आणि भिंतीला टेकून उभा होता. मिस ओडेसाने त्याच्याकडे पाहिले.

"टिलमन," ती म्हणाली आणि थांबली. मग मोठ्याने म्हणाली, "लॅव्हॉन टिलमन कामावर आहे. कॉर्डेल टिलमन."

"हजर."

"निया टिलमन."

"हजर."

फेल्प्सने मान वळवली.

"जुनिपर रूथ टिलमन."

पत्र्यांवर पडणारा पाऊस तेवढा ऐकू आला.

"आजी," कॉर्डेल म्हणाला, "ती तर तुझ्यापाशी होती ना?"

मिस ओडेसा धावत बाहेर आली. वेनने तिला वाटेत अडवले.

"तिथं कोणी नाही, मिस ओडेसा. आमच्या पोरानं बघितलंय. खूण पण केलीय."

"तुमच्या कागदावर नाहीये ती. माझ्या कपाटात आहे!"

वेनने ढिगावर मूठ आपटायला हात उगारला. तिने तो वरच्या वर धरला. "ठोकू नकोस. ठोकलं की ती श्वास पण घ्यायची नाही. मीच शिकवलंय तिला."

ती चिखलात गुडघे टेकून बसली. आवाज तिने रविवारचा काढला, सगळ्या चर्चला ऐकू जाईल असा.

"जुनिपर रूथ टिलमन."

काहीच नाही. माझ्या वाकलेल्या खांबातून वारा वाजला. तिने पुन्हा तशीच हाक मारली.

पत्र्याखालून बारीक आवाज आला, "हजर, आजी."

जुनिपरला बाहेर काढायला वेन, शिपाई आणि मिस्टर फेल्प्स, तिघांचे हात लागले. पाण्याच्या टाकीने छत तोलून धरले होते.

मित्रांनो, गोष्ट इथेच संपली असती तर बरे झाले असते. पुढच्याच आठवड्यात मालकाची नोटीस आली. करार मोडल्याबद्दल टिलमन कुटुंबाला उरलेल्या रांगेत जागा मिळाली नाही. आता ती पाचही माणसे चर्चच्या मागच्या खोलीत राहतात. ते पाहून बाकीच्या घरांनी पडदे आणखी घट्ट ओढून घेतले. काउंटीने मोजायला पुन्हा माणसे पाठवली. त्यांना पुन्हा तीच उत्तरे मिळाली.

मग एका बुधवारी दुपारी वेन एकटाच आला. त्याने टोपी काढली.

"मिस ओडेसा, जरा हजेरी घेता का?"

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी. कागद आणला नाही, पेन पण नाही. नुसता ऐकतो."

चर्चच्या पायरीवर उभी राहून तिने पहिल्या घराचे नाव घेतले. एक पडदा हलला. एलव्हिरा आपल्या नव्या ट्रेलरचे दार बोटभर उघडून म्हणाली, "हजर." मग तिच्या मागून एकेक आवाज आला. मग पलीकडच्या दारातून. मग रांगेच्या टोकाकडून. वेन मान खाली घालून ऐकत होता. खूप वेळ ऐकत होता.

हजेरी संपल्यावर त्याने शिडी माझ्या खांबाला लावली आणि खोक्यातली तार काढली.

"परवानगी आहे का रे?" मिस ओडेसाने विचारले.

"नाही."

"आणि कोणी विचारलं तर?"

"सांगेन, आपोआप बोलायला लागला. जुनी यंत्रं करतात असं कधी कधी."

त्याने तार जोडली आणि मी ओरडलो. चेपलेल्या कर्ण्यामुळे आता माझा आवाज घोगरा येतो. चिमण्या उडाल्या. जुनिपरने कानांवर हात ठेवले नाहीत.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी माणसे मोजायच्या कामाला लागेल. त्याच्याकडे माझे एक मागणे आहे. दार वाजवलेत आणि आतून उत्तर आले नाही, तर लगेच घर रिकामे आहे असे लिहू नका. आत कोणीतरी तुमच्याच भीतीने श्वास रोखून बसलेले असेल. आधी त्याची भीती कमी करा आणि मग त्याला मोजा. आणि सगळ्यांचा मिळून एक आकडा कोणी सांगितला, तर त्याला विचारा, हा कोणत्या गल्लीचा?

वेनने जोडलेली तार कचेरीच्या लक्षात कधी येईल, हे मला माहीत नाही. म्हणून मिस ओडेसाने खांबाला एक खिळा ठोकून तो तवाही तिथे टांगून ठेवला आहे, जुनिपरचा हात पोचेल इतक्या उंचीवर.

आज सकाळपासून नैर्ऋत्येला काळे दिसते आहे. मी तिकडेच पाहतो आहे.