माशी बाहेर गेली पाहिजे

“अबे, तुझ्या डब्यात कधी एक तरी माशी मेली का? हे बघ, दोन दिवसात एकतीस!”

रामहरी काकांनी डबा माझ्या तोंडाम्होरं हलवला. आत मेलेल्या फळमाश्या खुळखुळल्या. पेरूच्या बागेत आमी दोघं, अन् मागं पाटी घेऊन आई. माझी नजर माश्यांवर न्हाई, डब्याच्या भोकांवर गेली. चारपैकी तीन भोकांवर खाकी टेप.

“ही टेप कुणी लावली?”

“मी. तुझा डबा गळका होता. माशी आत येती अन् तशीच बाहेर जाती. म्हणून भोकं बुजवली, विषाचा ठोकळा टांगला. आता बघ कशा पटापट मरायल्यात. सगळ्या डब्यांचं तसंच केलंय.”

माझं डोकंच फिरलं. “वाटोळं केलं काका तुमी! माशी बाहेर गेली पाहिजे. भोकं त्याच्यासाठीच हायत!”

“सिदू, हळू बोल,” आई म्हणली.

“कावून हळू? तीन आठवडे झाले मी ह्या डब्यांमागं फिरायलोय.”

सिरसाळ्याच्या ह्या रानात दीड एकर पेरू हाय. माझ्या बापाचा अन् काकांचा सामाईक. बाप ट्रकवर असतो, म्हणून रानात काका म्हणतील ते. फळमाशी पेरूला डंख मारून आत अंडी घालती. वरून फळ झ्याक दिसतं, फोडलं की आत अळ्या वळवळ. मागच्या बहारात निम्मा माल उकिरड्यावर गेला. दहावी अर्धी टाकून मी वडवणीला ज्योत्स्नाताईंकडं कामाला गेलतो. त्या शिजवलेल्या तांदळावर किडे मारणारी बुरशी वाढवतात अन् तिची हिरवी पावडर करून विकतात. पिशव्या भरता भरता सगळं बघून घेतलं. मला कुणी शिकवावं लागत न्हाई, दिसतं मला.

काका म्हणले, “म्हणजे आलेला चोर तू सोडून देतो?”

“सोडत न्हाई. अंगाला पावडर चोपडून पाठवतो. डब्यातल्या वासाला नुसता नर येतो. हिरव्या पावडरीवरनं चालतो अन् बाहेर जाऊन मादीला भिडतो. मंग तिला बी बुरशी लागती. आठवड्यात ती खलास. डंख मादी मारती काका, नर न्हाई. तुमी एकतीस नवरे मारले. बायका सगळ्या पेरूवर बसल्यात.”

आईनं तोंडाला पदर लावला. काका अजूनच तापले.

“शाळा सोडून शास्त्रज्ञ झाला बे तू! मी फवारणीवाल्या बजरंगला सांगून ठेवलंय. पंप घेऊन येतोय उद्या. कडक औषध मारायचं, विषय संपला.”

“फवारा मारला की माझ्या पावडर लागलेल्या माश्या बी जाणार, अन् वर पंधरा दिवस तोडणी बंद. पेरू तुमच्यासाठी थांबणार हाय का झाडावर? बारा दिवस द्या.”

“अन् न्हाई जमलं तर?”

“तर पंप मी माझ्या पाठीवर घेतो.”

काकांनी डबा माझ्या हातात कोंबला. “बारा. तेरावा न्हाई.”

त्याच दिवशी सगळ्या टेपा ओरबाडल्या, ठोकळे काढले, पावडर नवी टाकली. सकाळी लवकर माशी गारठून पानाखाली बसलेली असती. तेव्हा जाळीनं धरल्या. मादीला मागं सुईसारखं टोक असतं, नराला न्हाई. वीस माद्या निवडून लोणच्याच्या बरणीत सोडल्या, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधला, आत साखरपाण्याचा बोळा. मंग दिंद्रुडला सर्जेरावांच्या बागेत गेलो. तिथं माझी पावडर कधीच गेली नव्हती. तिथल्या बी वीस माद्या दुसऱ्या बरणीत.

आठव्या दिवशी आमच्या बरणीत चौदा उताण्या. दिंद्रुडच्या बरणीत दोन.

काका म्हणले, “कोंडल्यावर माणूस बी मरंल.”

“मंग दिंद्रुडच्या काय मोकळ्या सोडल्यात?”

काका खाकरले. “कशानं बी मेल्या असतील. तुझ्या बुरशीनंच मेल्या, हे कशावरनं?”

हा सवाल बरोबर होता. राग आला, पण बरोबर होता. मी मेलेल्या माश्या दोन ताटल्यांत ओल्या कापसावर मांडल्या अन् वर झाकण ठेवलं. बुरशीनं मेली असंल तर ओलीत ती बुरशी माशीच्या अंगातनं उगवती. दोन दिवसांनी आमच्या माश्यांच्या सांध्यांतून पांढरी लव फुटली. बाराव्या दिवशी ती हिरवी पडली. चौदापैकी अकरा हिरव्या. दिंद्रुडच्या दोन्ही कोरड्या काळ्या.

काकांनी चष्मा लावून ताटली उन्हात धरली. लई वेळ बघत राह्यले.

“ही मादी ना?”

“सुई बघा की.”

“मादी डब्यात जातच न्हाई म्हणला होतास.”

“न्हाईच जात.”

“मंग हिला हे हिरवं कुठून…” काका अडकले.

“नवऱ्यानं आणलं घरी,” आई मागून म्हणली.

काकांना हसू फुटलं, पण लगीच गिळलं. “अन् त्या सहा जित्या राह्यल्या, त्यांचं काय?”

“सगळ्याच मरत न्हाईत. पडलेला पेरू रोज उचलून खोल गाडायचा, म्हणजे आतली अळी वर येत न्हाई. ते काम तुमचं.”

“मला काम सांगतो बे?” म्हणले, अन् तिथंच फोन लावला. “बजरंग, पंप राहू दे. न्हाई रे, आजारी न्हाई मी. आमच्या पोरानं दुसरा इलाज केलाय. अरे, गुण दिसतोय म्हणून सांगायलोय ना!”

‘आमच्या पोरानं’ म्हणले. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

डब्यातली पावडर आता शिळी झाली, आजच बदलायची. उन्हात तापली की बुरशी मरती, म्हणून बाराच्या आत वडवणीहून आणायची, ओल्या टॉवेलात गुंडाळून. काका स्वतः येतो म्हणले. गाडी चालू करून बांधावर हॉर्न दाबायलेत, आता तर दाबूनच धरलाय. मला निघावं लागतंय.