नानांचा उजवा पाय

पवित्र गुरुवारी आमच्या देवळात बारा जणांचे पाय धुतात. प्रभूनं शिष्यांचे धुतले, म्हणून फादर आमचे. माझ्या वडिलांच्या काळी हे बारा जण उसाच्या बांधावरून थेट यायचे. तिसऱ्या माणसालाच परातीतलं पाणी चहासारखं व्हायचं आणि देवळातले मास्तर नव्या पाण्यासाठी विहिरीकडे पळायचे. त्या पाण्याचा मातकट वास अजून नाकात आहे. पुढे गावात नळ आला, तशी आमची भक्ती वाढली. बारांत नाव लागलं की माणूस दुपारपासून टाचा घासायची वजरी घेऊन न्हाणीत. साबण, खोबरेल, नखं कापणं, सगळं. फादरना धुवायला काही शिल्लक राहू नये, एवढी आमची काळजी!

कृपादाननाना मात्र या बारांत कधी बसले नाहीत. साखर कारखान्यातले निवृत्त फिटर, आमचे शेजारी. माणसांचा जमाखर्च मांडायची मला खोड आहे, पण नानांच्या पानावर एकच बाजू भरलेली. कुणाची मोटर बंद पडली, नाना पान्हा घेऊन हजर. कुणाकडे मयत झाली, खांद्याला नाना पहिले. घ्यायचं मात्र कुणाकडून काही नाही. माझी बायको खिरीची वाटी देऊन घरी पोचते न पोचते, तोच ती वाटी शेंगदाण्यांनी भरून मागोमाग येई. नाव कृपादान, आणि घ्यायची तयारी नाही!

रविवारी मिस्सात, म्हणजे देवळातल्या उपासनेत, ते साऱ्या गावासाठी देवाकडे मागत. एकदा मी विचारलं, "नाना, स्वतःसाठी काय मागितलं?"

"माझं काय अडलंय? देवाला काय कमी कामं हायत व्हय?"

अडलं होतं. शुगर होती, आणि उजव्या तळपायाला जखम झाली होती. ते फक्त त्यांच्या बायकोला, मरियाकाकूंना माहीत. पवित्र आठवड्यात त्या आमच्या ओट्यावर येऊन बसल्या.

"सुनील, पाय नासतोय रे त्यांचा. श्रीरामपूरच्या डॉक्टरकडं चला म्हनलं, तर म्हनत्यात, कुनाला कशाला तरास. असंच चाललं तर पाय कापावा लागंल."

"मग आता?"

"आता काय! बारांमदी नाव दिलंय मी त्यांचं. फादरफुडं कुठं लपवत्यात ते बघते."

फादरना नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. गुरुवारी संध्याकाळी नाना बारांच्या रांगेत माझ्या शेजारी येऊन बसले. पांढरा शर्ट, चेहरा कारखान्याच्या बॉयलरसारखा तापलेला.

प्रवचन संपलं. आम्ही वहाणा काढल्या. आमच्या गावात उजवा पायच पुढे करतात. कोणी ठरवलं ते आठवत नाही, पण सगळ्यांना पाठ. फादर जोशुआ कमरेला टॉवेल बांधून एकेकापुढे गुडघे टेकत येत होते. मी रांगेकडे पाहिलं. अकरा उजवे पाय, घासून घासून लाल झालेले. आणि एक डावा. नानांनी उजव्या पायातला बूट-मोजा काढलाच नव्हता.

फादर नानांपुढे टेकले. डावा पाय बघून थांबले.

"नाना, तो दुसरा."

"ह्योच घ्या, फादर. स्वच्छ हाय."

"स्वच्छच असेल तर मी कशाला वाकलोय?"

बायकांच्या बाजूनं काकूंचा आवाज आला, "फादर, सोडू नका!" देवळात हशा उठला. नानांनी मान खाली घातली. हसू विरलं, तरी फादर तसेच टेकलेले. शेवटी नानांनी वाकून बूट काढला. मोजा जखमेला चिकटला होता, तो त्यांनी हळूहळू सोडवला.

वास माझ्यापर्यंत आला. फादरच्या चेहऱ्यावर मात्र काही हललं नाही. दोन्ही हातांत तो पाय घेऊन त्यांनी धार धरली.

"दुखतंय, नाना?"

"न्हाई," नाना सवयीनं म्हणाले. पाणी परातीत पडत राहिलं. मग त्यांचा आवाज फुटला. "व्हय. लई दुखतंय, फादर. लई दिसांपासनं."

मिस्सा संपला, माणसं उठली. नाना बसूनच.

"सुनील, मला उठव."

मी काखेत हात घातला. इतक्या वर्षांत या माणसाचं वजन किती, हे कुणालाच कळलं नव्हतं. आम्ही त्यांना माझ्या टेम्पोत बसवलं आणि श्रीरामपूरचा रस्ता धरला. काकू मध्ये, नाना खिडकीशी.

"मरे, माझ्यासाठी म्हन ना कायतरी देवाला."

"तुमी म्हना. तोंड न्हाई व्हय?"

 मग नाना चाचरत बोलू लागले, नव्या साहेबापुढे उभं राहावं तसे. "प्रभू, मी कृपादान. मरियाचा नवरा. माझ्यासाठी कधी आलो न्हाई, म्हनून वळख देतो. पाय तेवढा राहू दे. आन् न्हाई राहिला, तर तू धरून ठेव."

दोन बोटं गेली, पाय राहिला.

पुढे नाना मागण्यात असे पटाईत झाले, की मागची सारी थकबाकी त्यांनी आमच्याकडून वसूल केली. ओट्यावरून हाक यायची, सुनील, चहा सांग; सुनील, हात दे. वाटी गेली तर चार-चार दिवस परत येत नसे. आणि रविवारी देवळाच्या पायरीवर मला अडवून उलटतपासणी:

"माझं नाव घेतलंस का आज?"

"घेतलं, नाना."

"तुझ्या आधी का मागनं?"

"आधी."

"मग ठीक हाय," म्हणत ते माझ्या खांद्यावर सगळा भार टाकत, आणि आम्ही सावकाश पायऱ्या उतरत असू.