तळहाताचा अंदाज

"तापलं गं. ठेव आता," अण्णा म्हणाले.

सुनेच्या कानांवर हेडफोन, तिला कुठलं ऐकू येतंय! मग त्यांनी उजव्या हाताने, तो एकच चालत होता, तिच्या मनगटावर टिचकी मारली. तिने घाईघाईने लॅपटॉप बंद केला.

"दोन मिनिटं उशीर केलास. परवासारखं मध्येच गचकलं असतं म्हणजे?"

"शेवटचं वाक्य चाललं होतं हो अण्णा."

"बॉयलरला सांगून बघ कधी, शेवटचं वाक्य चाललंय म्हणून."

अण्णांनी छत्तीस वर्षं कारखान्यातल्या बॉयलरवर काढली होती. काट्यावर नजर ठेवायची आणि वाफ कधी सोडायची ते ठरवायचं. अर्धांगवायूने डावी बाजू गेली, पण तळहाताचा अंदाज काही गेला नाही. लॅपटॉपच्या कडेच्या जाळीपुढे हात धरून ते अचूक सांगत, आता याला विश्रांती द्या.

सून काही कालची पोर नव्हती, तीही पन्नाशीला टेकलेली. लोकांची बोलणी ऐकून टाइप करून द्यायची, हे तिचं काम. कधी डॉक्टर, कधी वकील, कधी तोंडात गुळणी धरल्यासारखं बोलणारे साहेब. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, आठवड्यातून एकदा तोंड दाखवणार. म्हणून ती सासऱ्यांच्या पलंगावरच, त्यांच्या उजव्या हाताशी बसे, घडी घातलेल्या गोधडीवर लॅपटॉप ठेवून. वीस मिनिटं काम झालं की यंत्र तापे, मग दहा मिनिटं सुट्टी. त्या दहा मिनिटांत अण्णांना कुशीवर वळवायचं, पाठीला पावडर लावायची, पाणी द्यायचं. ते विचारत, "आज कोण बोलतंय?" आणि ती साहेबांची नक्कल करून दाखवी. दिवसाकाठी घरात बोलणं होई ते एवढंच.

पण यात घोडं अडत होतं ते कामाचं. गुरुवारी काम वाटून देणाऱ्या बाईंचा फोन आला.

"ताई, सगळ्यांचं चारला येतं, तुमचं सातला. उद्या चारच्या आत आलं नाही, तर तुमचं नाव काढावं लागेल. माझ्या हातात काही नाही हो."

तिच्या तोंडचं पाणी पळालं. उपाय काय कमी केले होते? टेबलफॅन लावून झाला, खाली ओलं फडकं ठेवून झालं. शेवटी शेजारणीला अण्णांजवळ बसवून ती लॅपटॉप घेऊन कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गेली. जिन्याखाली त्याचं दुकान, एक माणूस जेमतेम मावेल एवढं. त्याने स्क्रू काढले, झाकण उचललं आणि पंख्यावर फुंकर मारली. पांढरा धुरळा उडाला.

"ही पावडर कुठली? घरात बाळ आहे का?"

"आहे. एक्क्याऐंशी वर्षांचं."

तो हसला, मग तिचा चेहरा बघून पुन्हा पंख्याकडे वळला. चिमट्याने त्याने कापसाची गुंतवळ ओढून काढली. "हे गादीतलं. वहिनी, हा खालून हवा घेतो. तुम्ही त्याचं नाक दाबून ठेवलंत आणि वर विचारताय, तापतो का!" चिपवरचा, उष्णता ओढून घेणारा पण आता सुकलेला लेप खरवडून त्याने नवा लावला. "आता टेबलावर ठेवायचा. गादीवर नाही, आणि पावडरीजवळ तर मुळीच नाही."

घरात टेबल एकच, स्वयंपाकघरात. शुक्रवारी सकाळी ती तिथे बसली आणि काय सांगावं, यंत्र तासन्‌तास हूं की चूं न करता चाललं. तिला आनंद झाला, खोटं कशाला बोला. पण पाठ ताठून लाकूड झाली. थांब म्हणणारं कुणी नव्हतं.

"तापलं का गं?" आतून हाक आली.

"नाही अण्णा! मस्त चाललंय!"

तासाभराने पुन्हा तीच हाक आली आणि तिने तेच उत्तर दिलं. त्यानंतर हाक आलीच नाही.

दोन वाजता ती जेवण घेऊन गेली. त्यांना वळवायचं राहूनच गेलं होतं, पाठ लालबुंद झालेली.

"अहो, हाक नाही का मारायची?"

"चालू मशीनवरच्या माणसाला हाक मारू नये," अण्णा म्हणाले. मग तोंडाच्या हलणाऱ्या बाजूने हसले. "बरं झालं हो, दुरुस्त झालं. गरज सरो, वैद्य मरो."

त्यांचा उजवा हात शेजारच्या मोकळ्या गोधडीवर पालथा पडला होता. ती टेबलाकडे परत गेली नाही. तिने तिथेच बसून त्यांना भरवलं, पाठ पुसली, आणि पावडर मात्र लावली नाही. मग स्वयंपाकघरातून लॅपटॉप आणला, एक लाकडी फळी आणली आणि पलंगावर त्यांच्या हाताशी मांडली.

"बघा बरं, लक्ष ठेवा. मेकॅनिकवर माझा काही विश्वास नाही."

अण्णांनी जाळीपुढे तळहात धरला. ती टाइप करत राहिली. साडेतीन झाले, पावणेचार झाले. कागदाच्या कारखान्याचे कुणी साहेब बोलत होते, संपता संपत नव्हते. चार वाजायला सात मिनिटं होती, आणि साहेबांचं सहा मिनिटांचं बोलणं बाकी होतं, तेव्हा मनगटावर टिचकी बसली.

"तापलं गं. ठेव आता."

तिने जाळीपुढे हात नेला. वारा गार होता. तिने अण्णांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते, डोळे मिटायला आलेले. जेवण झाल्यापासून ते जागचे हलले नव्हते, आणि तीही नव्हती.

तिने हेडफोन काढले आणि झाकण मिटलं.

"आज कोण बोलत होतं?" अण्णांनी विचारलं.

स्वयंपाकघरात फोन वाजायला लागला, काम वाटणाऱ्या बाईंचाच असणार. त्यांना हळूच कुशीवर घेत ती म्हणाली, "एक साहेब होते, कागदाच्या कारखान्याचे," आणि घसा खाकरून त्यांची नक्कल करू लागली. अण्णांचा हात मिटलेल्या झाकणावर येऊन टेकला.