सव्वीस जानेवारीचा प्लग

मुंबईच्या पेटंट ऑफिसचं लांबट पाकीट आलं, तेव्हा काशीराम तांबे एका जीपच्या बॅटरीत पाणी भरत होता. पोस्टमनला त्याने मान वर न करताच सांगितलं, "ठेव टेबलावर. मंजुरी असंल." काशीरामला स्वतःविषयी कधी शंका यायची नाही. शंका घेणं हे त्याच्या मते इतरांचं काम होतं, आणि पोलादपुरात ते करायला माणसं कमी नव्हती.

बारा वर्षं तो मुंबईच्या गोदीत माल वाहायच्या बॅटरीवरच्या छोट्या गाड्या चार्ज करायच्या शेडमध्ये वायरमन होता. तिथे करंट चालू असताना कुणी घाईने प्लग उपसला, की निळी ठिणगी उडायची. एकदा ती ठिणगी बॅटरीतून निघणाऱ्या गॅसला लागली आणि त्याच्या जोडीदाराचा, सोमाचा, एक डोळा गेला. साहेब म्हणाले, आधी भिंतीवरचं बटण बंद करायचं एवढं साधं कळत नाही का? काशीराम मनात म्हणाला, माणूस विसरणारच, तेव्हा प्लगलाच अक्कल दिली पाहिजे. गावी परत येऊन त्याने एसटी स्टँडजवळ बॅटरीचं दुकान टाकलं, स्टँडवरचा माल पेठेत न्यायला बॅटरीवर चालणारी तीनचाकी केली आणि तिच्यासाठी तो अक्कलवाला प्लग घडवला.

प्लग दिसायला साधाच होता. दोन जाड पिना आणि मधोमध एक आखूड. प्लग ओढायला लागलं की आखूड पिन आधी सुटायची आणि तिच्यासरशी चार्जर बंद पडायचा. जाड पिना बाहेर येईपर्यंत त्यांच्यात करंटच उरायचा नाही. भिंतीवरचं बटण विसरा नाहीतर लक्षात ठेवा, ठिणगीची बातच नाही. पेटंटचा अर्ज धाडल्यावर ठाण्याच्या एका कारखान्याचा माणूस दुकानात येऊन तो न्याहाळून गेला होता आणि जाताना म्हणाला होता, "पेटंट नाही ना अजून? बरं." ते 'बरं' काशीरामच्या कानात माशीसारखं अडकून बसलं होतं. पेटंट मिळालं तर प्लग काशीरामचा, नाही मिळालं तर जो उचलील त्याचा.

संध्याकाळी ललिता शाळेतून आली. ती त्याची बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, आणि घरातलं सगळं इंग्रजी तिच्याकडे. तिने पत्र एकदा वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"मंजुरी नाही. तपासणीचा अहवाल आहे," ती म्हणाली. "तीन आक्षेप घेतलेत."

"तीनच?" काशीराम हसला. "बोल."

पहिला आक्षेप असा, की अर्जात हक्क फार ऐसपैस सांगितलाय. दुसरा असा, की इंग्लंडात असल्याच एका प्लगचं जुनं पेटंट आहे. या दोन्हींना काशीरामने चहा निवायच्या आत उत्तरं दिली. हक्क फक्त आखूड पिनेपुरता धरायचा. आणि इंग्लंडच्या प्लगला बटण हाताने बंद करावं लागतं. "लिही, माणूस विसरतो, पिन विसरत नाय."

"तिसरा तुम्हीच ओढवून घेतलाय," ललिता म्हणाली. "तुम्ही अर्जाला वर्तमानपत्राचं कात्रण जोडलं होतंत."

जोडलं होतंच. आपल्याकडे सरकारी अर्ज कुणी नुसता पाठवतो का? काशीरामने शाळा सोडल्याचा दाखला जोडला होता, सरपंचांचा वर्तणुकीचा दाखला जोडला होता, आणि त्यावर मुकुटमणी म्हणून महाडच्या साप्ताहिकातलं ते कात्रण. सव्वीस जानेवारी त्र्याऐंशी, पोलादपूर. झेंडावंदनानंतर पंचायत समितीचे सभापती मालोजीराव यांच्या हस्ते काशीरामचा बिनठिणगीच्या प्लगबद्दल शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, 'आणि त्यांच्या शुभहस्ते प्लग ओढून विजेच्या गाडीचे उद्घाटन होताच टाळ्यांचा कडकडाट झाला.' सोबत फोटो. गळ्यात हार घातलेला काशीराम आणि हातात प्लग धरलेले मालोजीराव.

"पेटंट नव्या वस्तूला मिळतं," ललिता म्हणाली. "अर्ज करण्याआधीच जी वस्तू चारचौघांत दाखवली, ती त्यांच्या लेखी नवी नाही. कार्यक्रम जानेवारीत झाला, अर्ज तुम्ही ऑगस्टमध्ये केलात. म्हणजे तुमच्या प्लगच्या आड तुमचाच सत्कार आलाय."

काशीरामने चहाचा कप खाली ठेवला.

"खरं सांगा. त्या दिवशीच्या प्लगला आखूड पिन होती?"

"कुठली गो! ती त्याच्यानंतरची."

"मग त्या दिवशी काय झालं ते लिहायचं, शपथेवर."

त्या दिवशी काय झालं हे अख्ख्या पेठेला ठाऊक होतं आणि कुणी ते तोंडातून काढत नव्हतं. कडकडाट झाला होता खरा, पण तो टाळ्यांचा नव्हता. दोन पिनांचा तो प्लग मालोजीरावांनी झोकात ओढला, भक्कन ठिणगी उडाली, सभापती "मेलो!" असं ओरडून मागच्या मागे उडाले आणि खाली बसलेल्या एका बाईच्या अंड्यांच्या पाटीत बसले. फोटोग्राफरने फोटो आधीच काढून ठेवला होता, आणि संपादकाने कडकडाट तेवढा ठेवला नि अंडी वगळली. काशीराम आठ दिवस दुकान बंद करून घरात बसला. त्याच आठ दिवसांत त्याला आखूड पिन सुचली. पण छापून आलेलं खोटं त्याने खोडलं नाही. कसं खोडणार? बौद्धवाडीतल्या माणसाच्या गळ्यात पेठेच्या चौकात हार पडला होता, आणि असं याआधी कधी झालं नव्हतं. वाडीतल्या घराघरात त्याच कात्रणाची दुसरी प्रत हातोहात फिरून मळली होती. तो हार फुसक्या वस्तूला पडला होता, हे स्वतःच्या तोंडाने सांगायचं म्हणजे स्वतःच्या हाताने तो काढून ठेवण्यासारखंच.

रात्रभर तळमळला असेल तर त्याने सांगितलं नाही. सकाळी मात्र छाती काढून बाहेर पडला. "हां, झाला होता पचका. चार साक्षीदार आणतो, त्यात काय!"

आता साक्षीदारांची गंमत ऐका. मुंबईहून काशीरामच्या गाडीबद्दल चौकशी आलीय एवढं पेठेने ऐकलं आणि सगळी पेठ त्याच्या पाठीशी उभी राहिली. एरवी एकमेकांच्या म्हशीवरून भांडणारी माणसं, पण सरकार विरुद्ध काशीराम म्हटल्यावर एकजूट. एसटीच्या कंट्रोलर भिकूने लिहून दिलं, 'प्रयोग शंभर टक्के यशस्वी झाला, मी समक्ष पाहिला.' हॉटेलवाल्या चंदूने वर आणखी 'ठिणगी अजिबात उडाली नाही' अशी पुस्ती जोडली.

"अरे, उडाली होती ना रे!" काशीराम कळवळून म्हणाला.

"आपल्याला म्हायती हाय," चंदू डोळा मारून म्हणाला. "त्यांना कशाला? तू घाबरू नको. मरंपर्यंत सांगंन, उडाली नाय!"

दुपारपर्यंत काशीरामकडे यशाची अकरा प्रमाणपत्रं जमली. प्रेमाने माणूस कसा बुडतो ते त्याला त्या दिवशी कळलं. शेवटी बाजाराच्या दिवशी आवडी भेटली. आवडी आंबेनळी घाटाखालच्या वाडीची, अंडी विकायला यायची. तिने एका दमात सगळं सांगितलं, "उडाली मंजे? जाळ झाला जाळ! आन तो बाबा येऊन बसला माज्या पाटीत. एक अंडं नाय वाचलं. मला कुनी इचारलंच नाय रे, नायतर पेपरवाल्याला पन सांगितलं असतं!"

तिचा अंगठा आनंदाने मिळाला. पण ललिता म्हणाली, "छापील पेपरात सभापतींचं नाव आहे. ते खोटं ठरवायचं तर खुद्द त्यांनीच सांगायला हवं."

मालोजीरावांच्या अंगणात काशीराम रिकाम्या हाताने गेला नाही. तीनचाकी घेऊन गेला, बरोबर चार्जर आणि नवा प्लग. पडवीतल्या बोर्डावर चार्जर जोडला आणि मगच बोलायला उभा राहिला. मालोजीरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या मिशा थरथरल्या.

"मी पडलो? कोण म्हणतो?"

"मी म्हणतो, राव."

"काशीराम, तुझ्या वाडीतला पहिला माणूस आम्ही त्या स्टेजवर बसवला. सगळ्या तालुक्यादेखत हार घातला. तो मान तू आता स्वतःच धुळीला मिळवणार? आणि सोबत माझाही?"

बोलणं वर्मी लागलं. बसवला म्हणे! काशीरामला राग आला आणि त्या रागातच त्याला हवे ते शब्द सापडले.

"राव, तुमी हार घातलात तो चालत नव्हता त्या प्लगला. चालतो तो मी नंतर केला. घरी बसून, तोंड लपवून. त्याला कुनी हार घातला नाय. मला जुना हार नको, मला हा प्लग माझ्या नावावर पायजे."

एवढं बोलून त्याने करंट चालू असतानाच नवा प्लग ओढला. मालोजीराव खुर्चीसकट मागे सरकले. पण काहीच झालं नाही. ठिणगी नाही, आवाज नाही. चार्जरवरचा लाल दिवा तेवढा विझला.

"आता तुमी," काशीराम प्लग परत बसवून म्हणाला.

सभापतींनी हात पुढे केला, मागे घेतला, घरातली बायामाणसं दारातून बघतायत हे पाहून पुन्हा पुढे केला. डोळे मिटून त्यांनी प्लग ओढला. डोळे उघडून प्लगकडे पाहिलं. मग स्वतःच परत बसवला आणि परत ओढला. असं त्यांनी सात वेळा केलं. शेवटी त्यांनी उजवा तळवा काशीरामपुढे धरला. अंगठ्याखाली पांढरा डाग होता.

"हा त्या दिवशीचा. लोकांना सांगतो, लग्नात कढई लागली," ते म्हणाले. "बुधवारी महाडला काम आहे माझं. तहसील कचेरीत ये."

महाडच्या तहसील कचेरीत बुधवारी पाय ठेवायला जागा नसते. तिथल्या कारकुनाची रीत अशी, की प्रतिज्ञापत्र करणाऱ्याला ते मोठ्याने वाचून दाखवायचं. त्याने खणखणीत आवाजात वाचलं, "मी प्लग ओढताच मोठी ठिणगी उडाली, माझा हात भाजला, मी 'मेलो' असे ओरडून अंड्यांच्या पाटीत पडलो." सातबाऱ्याच्या रांगेत हशा पिकला. मालोजीरावांनी रांगेकडे वळून असे डोळे वटारले की अर्धी रांग भिंतीकडे बघू लागली. "पुढे वाच रे," ते म्हणाले आणि त्यांनी सही ठोकली.

मग काशीरामची पाळी आली. कारकून वाचत गेला, "सदर दिवशी माझा सत्कार झाला. तो ज्या वस्तूसाठी झाला ती वस्तू निकामी होती." इथे तो थांबला. भला माणूस होता. हळूच म्हणाला, "तांबे, 'काहीशी सदोष' लिहू या का? बरं दिसेल."

आता कुणीच हसत नव्हतं. रांगेत काशीरामच्या वाडीतली दोन माणसं होती, ती मान खाली घालून उभी होती. काशीरामला वाटलं, बरं दिसेल. ओठांवर आलं त्याच्या ते. पण काहीशी सदोष वस्तू ही थोडीफार तीच वस्तू असते, आणि तेवढ्यावर पेटंट ऑफिसचा परीक्षक पुन्हा बोट ठेवील. शिवाय ती निकामीच होती.

"निकामी," तो वाडीतल्या माणसांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. "तसंच ऱ्हाऊ द्या. आन पुढचं पन वाचा. अर्जातला प्लग मी त्याच्यानंतर केला."

त्यानंतर साडेतीन महिने मुंबईहून काही आलं नाही. पेठेत लोक विचारायचे, काशीराम म्हणायचा, "येतंय." आणि एका बाजाराच्या दिवशी, दुकानात गिऱ्हाईक असताना, ते आलं. ललिताची शाळा सकाळची होती, ती तिथेच होती. तिने पाकीट फोडलं आणि उभ्याउभ्याच त्याला मराठीत सांगितलं. शपथेवर सांगितलेला बिघाड पाहता, सव्वीस जानेवारीला दाखवलेली वस्तू आणि अर्जातली वस्तू एक नव्हे हे मान्य. तिसरा आक्षेप मागे घेतला आहे. पहिल्या दोन आक्षेपांची उत्तरं समाधानकारक आहेत. अर्ज स्वीकारण्यात येत आहे. खाली शोध लावणाऱ्याचं नाव, काशीराम गोमाजी तांबे.

काशीराम स्टुलावर बसला आणि रडू लागला. पाठसुद्धा फिरवली नाही त्याने. दारात पाटी टेकवून आवडी उभी होती, ती घाबरली.

"काय झालं रे? नापास केला काय?"

"तेच गो मावशी!" काशीराम डोळे पुसत, हसत म्हणाला. "त्या दिवशी मी नापास झालो व्हतो ना, ते पटलं सरकारला!"