पायाळूचा पाय

आमच्या गावात कंबर धरलेला माणूस आधी मनिषाच्या दारात जातो, दवाखान्यात नंतर. मनिषा पायाळू, आईच्या पोटातून आधी पाय बाहेर आलेली. अशा माणसाचा पाय कमरेला लागला की दुखणं उतरतं, असं सगळं गाव मानतं. मीही मानत होतो. माझीही कंबर तिने तुडवलेली आहे.

पण तिचा नवरा शहादेव काही पाय लावू देईना. बायकोची लाथ खायची म्हणजे गावभर हसू! ऊस तोडून तोडून त्याच्या कमरेतून जी कळ निघायची, ती मांडीमागून थेट अंगठ्यापर्यंत. नुसता खोकला तरी कळवळायचा. दसऱ्यानंतर ऊसतोडीची टोळी निघणार होती. नवराबायको मिळून एक कोयता. एक पडला की दुसऱ्यालाही कोणी नेत नाही. शेवटी एका सकाळी मनिषा तडकली.

"साऱ्या गावाला माजा पाय चालतो, तुमालाच कावून न्हाई? बांगड्या भरा आन् बसा घरी!"

"मार बाई, मार येकदाची!" म्हणत शहादेव उंबऱ्यात पालथा पडला. आम्ही शेजारीपाजारी बघायला जमलोच होतो. तिने टाच रोवून जोर दिला, तसा तो कोकलला.

आणि आठवड्यात कळ गेली. खरंच गेली. शहादेव पारावर सांगत सुटला, "येकदम मोकळं वाटतंय बे. पाय हाय का न्हाई, तेबी कळंना!"

आम्ही मोठ्याने हसलो. मुकादम बजरंगने लगेच त्यांचा कोयता टोळीत धरला.

त्याच संध्याकाळी तो शेतातून आला तेव्हा पाऊल फरशीवर थपथप आपटत होतं. एका पायात चप्पल नव्हती आणि टाचेत बाभळीचा काटा मोडलेला, रक्ताने माखलेला.

"आवो, काटा हाय की!" मनिषा ओरडली.

"कुठं?"

सकाळ उजाडताच तिने त्याला केजच्या दवाखान्याला जाणाऱ्या जीपमध्ये बसवलं.

केजच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला अंगठा वर उचलायला सांगितला. उचलेना. मग सुई टोचली. "कळलं का?"

"कवा टोचली?" शहादेव म्हणाला.

"लघवीचं कळतं ना?" त्याने लाजून मान डोलावली. "मग नशीब समजा. मणक्यातली गादी सरकून नस दाबलीय. पुष्कळांची कळ गोळ्यांनी, व्यायामाने बरी होते. पण पाय बधिर झाला, उचलेना, की थांबायचं नसतं. कळ बरी झाली नाही हो, नसच मुकी झालीय."

"माज्या पायानं झालं का, बाई?"

"ते आता सांगता यायचं नाही. पण पाय द्यायला नको होता."

ऑपरेशन झालं. टोळी गेली, ही दोघं मागे राहिली. पाय परत येईल की नाही, कोणी सांगत नाही. मनिषा रोज त्याच्या पायाला चिमटा काढते. "लागलं?" "न्हाई." एवढंच बोलणं. रडणं नाही की भांडण नाही. मला त्याचीच भीती वाटते.

काल गावातलाच बंकट आला, पार वाकडा होऊन. आला तो सवयीने उंबऱ्यात आडवाच व्हायला लागला. "वैनी, पाय द्या. कमरंतून पार आंगठ्यापस्तोर जाळ निघतोय."

मनिषा मागे सरकली. बाजेवरून शहादेवने विचारलं, "लई दुखतंय का बे?"

"जीव चाललाय, दादा."

शहादेव त्याच्याकडे बघत राहिला. हेवाच होता तो, दुसरं काही नाही.

"मंग बेस हाय," तो म्हणाला. "दुखतंय तवरच जीप धर."