टेलरबाई मागे जात नाहीत

टेलरबाईंनी पासष्टाव्या वर्षी नाचाचा क्लास लावला, तेव्हा आळीतल्या बायकांना वाटलं, डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी काहीतरी व्यायाम सांगितला असेल. बाईंनी तो समज लगेच दूर केला. गुडघे ठणठणीत आहेत म्हणूनच चालले आहे, असं सांगून त्या जिना चढून गेल्या.

इच्छा मात्र जुनी, पंचावन्न वर्षांपूर्वीची. बाईंचे वडीलही शिंपीच. एकदा ते क्लबात कोट पोचवायला गेले आणि दहा वर्षांच्या लेकीला बरोबर घेऊन गेले. आत चकचकीत फरशीवर जोडपी फिरत होती. एका बाईच्या निळ्या झग्याचा घेर असा काही उलगडत होता, की पोरगी दाराच्या काचेला नाक लावून उभी राहिली. वडिलांनी दंडाला धरून बाहेर काढलं. आपण झगे शिवायचे, घालायचे नाहीत, एवढंच म्हणाले. पुढे लग्न झालं, तीन वर्षांत नवरा गेला, पदरी एक मुलगा. बाई पायमशीनवर बसल्या त्या चाळीस वर्षांनीच उठल्या.

क्लास विजेच्या सामानाच्या दुकानावर, आरशांच्या खोलीत भरायचा. मास्तर तरुणपणी जहाजावर नाच शिकवायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी समजावून सांगितलं, की हा वॉल्ट्झ, जोडीनं करायचा नाच, पण अमेरिकी पद्धतीचा. दुसरी एक पद्धत असते, तीत वॉल्ट्झ धरला की जोडीदाराला सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडायचं नाही. या पद्धतीत हात सोडता येतो, लांब जाता येतं, स्वतःभोवती गिरकी घेऊन परत येता येतं. बाईंना हे फार पटलं. संसार असाच हवा होता, असं त्या शेजारच्या बाईच्या कानात म्हणाल्या.

घोडं अडलं ते पहिल्याच पावलाला. वॉल्ट्झ तीन मात्रांचा, पावलं चौकोनात टाकायची. पुरुषानं डावा पाय पुढे टाकायचा, बाईनं उजवा मागे. बाईंचा पाय काही केल्या मागे जाईना. गाणं सुरू झालं की तो पुढेच पडायचा, तोही थेट कंपाउंडरच्या बुटावर. कंपाउंडर म्हणजे बाईंचे जोडीदार, दवाखान्यातून निवृत्त झालेले विधुर, अंगानं काडी आणि स्वभावानं लोणी.

तिसऱ्या दिवशी मास्तर वैतागले. बाईंनी शांतपणे कारण सांगितलं. पायमशीनचं चाक उलटं फिरलं की दोरा तुटतो. चाळीस वर्षं तालात पाय हलला तो चाक पुढे न्यायलाच; आता हा पाय ताल ऐकून मागे कसा जाईल? बाकीचे हसले.

तेव्हा कंपाउंडर घसा खाकरून म्हणाले, "मास्तर, मी जातो की मागे. जन्मभर डॉक्टरांच्या मागेच होतो, मला सवय आहे."

त्या दिवसापासून बाई पुरुषाची पावलं टाकत नेऊ लागल्या आणि कंपाउंडर मागे जाऊ लागले. नेणाऱ्यानं जोडीदाराच्या पाठीवर हात ठेवायचा, तो बाईंनी असा ठेवला जसा कोटाचं माप घेताना ठेवायच्या. महिन्याभरात दोघं साऱ्या खोलीभर सफाईनं फिरू लागली. मास्तरांनी रविवारी सकाळी लोकांना बोलावून नाच दाखवायचं ठरवलं आणि यादीत या जोडीचं नाव घातलं.

बातमी मुलाच्या बँकेत पोचली. तो मॅनेजर. जेवताना त्यानं ताटावरून हात उचलला आणि आईला बरंच काही ऐकवलं. या वयात परक्या माणसाला धरून नाचायचं, तेही स्वतः पुरुष होऊन. कॅशियर तोंडावर हसतो. सुनेनं मान खाली घातली, पण तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं ते बाईंना दिसलं.

"रविवारी तू जाणार नाहीस," तो म्हणाला.

"मी विचारत नव्हते रे," बाई म्हणाल्या. "सांगत होते. भात घे."

रविवारी बाई निळा झगा घालून गेल्या. आठ दिवस बसून, कापड तिरकं बेतून स्वतःच शिवलेला, पूर्ण घेराचा. खुर्च्या भरल्या होत्या. पहिल्या गिरकीलाच कुणीतरी फिसकन हसलं. कंपाउंडरचं पाऊल अडखळलं. बाईंनी पाठीवरचा हात जरा घट्ट केला आणि त्यांना कोपऱ्यापर्यंत नेलं. तिथे हात सोडायचा होता. सोडला. कंपाउंडर डावीकडे गेले, बाई एकट्या उजवीकडे फिरल्या, घेर उघडला, आणि हसणारे गप्प झाले.

गिरकी संपली तर समोर मुलगा. फरशीच्या मधोमध, चपला घालून, हात पुढे केलेला.

"आई, पुरे झालं. घरी चल."

लहानपणी ताप आला की तो असाच हात पुढे करायचा. बाईंना ते आठवलं. पण तिकडे कंपाउंडर एकटेच तालावर जागच्या जागी पावलं टाकत, बाईंची वाट बघत होते.

"बाजूला हो," बाई हळूच म्हणाल्या. "माझा पाय पडेल तुझ्यावर."

तो हलला नाही. बाईंनी डावा पाय उचलला आणि नेहमीसारखा पुढे टाकला. मुलगा एक पाऊल मागे सरला, मग दुसरं, आणि मग खुर्च्यांच्या रांगेला जाऊन टेकला. कुणीतरी त्याला बसायला जागा करून दिली.

बाईंनी कंपाउंडरचा हात धरला. अजून अर्धं गाणं बाकी होतं.