भिंतीतली माती

हिर्डोशीच्या मदार मुलाण्याचं डोकं म्हणजे ओढ्यातला धोंडा. कितीही पाणी वरून जाऊ दे, जागचा हलायचा नाही. दौलतबीनं या धोंड्याशी उभा जन्म संसार केला होता, आणि पौषातल्या त्या थंडीत धोंडा आपल्याला विधवा करून सोडणार हे तिला स्वच्छ दिसत होतं.

मदारभाईच्या छातीत कफ भरला होता. गाडीत घोंगड्या पांघरून त्याला भोरला नेलं, तर तिथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि दम भरला दौलतबीलाच. "फुप्फुसाला सूज आहे. पाणी फक्त पिण्यापुरतं. अंगाला गार पाणी नको, गरमही नको, ओला हातसुद्धा नको. पुन्हा गारठा बसला तर माणूस हाती लागणार नाही."

आणि घरी आल्यावर दुसऱ्याच पहाटे हा गडी ओढ्यावर! नमाजाआधी हात, तोंड, पाय धुवायचे, म्हणजे वजू करायचा. तो त्यानं आयुष्यभर वाहत्या पाण्यातच केला होता. ओढ्यापेक्षा परवडलं म्हणून तिनं पाणी तापवून दिलं तर म्हणाला, "मी काय बाळंतीण हाय?" परत आला तो भिंत धरून, आणि त्याची छाती फाटक्या भात्यासारखी वाजत होती.

खरं दुखणं छातीत नव्हतंच. गावाला त्याच्या या नेमाचं भारी कौतुक. शेजारचा कोंडिबा चावडीवर सांगायचा, "बर्फ पडला तरी मदारभाई वढा सोडायचा न्हाई!" हिर्डोशीत बर्फ कुणाच्या बापानं पाहिला होता? पण ते ऐकून मदारभाई दाढीतल्या दाढीत हसायचा. हरभऱ्याच्या झाडावर चढवलेल्या माणसाला खाली उतरवणं फार कठीण.

"आजाऱ्याला मातीची सूट हाय," दौलतबी म्हणाली. "कुरानातच हाय. माझ्या बापानं शेवटच्या दुखण्यात तेच केलं. सुक्या मातीवर हात मारायचे, तोंडावरनं अन् हातावरनं फिरवायचे. झाला तयम्मुम. पाण्याचा थेंब लागत न्हाई."

"ती सूट वाळवंटातल्या लोकांस्नी. हितं चारी अंगानं पाणी वाहतंय. मी माती फासून नमाजाला बसलो तर गाव काय म्हनंल?"

"नमाजात गावाकडं तोंड करता व्हय?"

"गप बस."

गप बसली असती तर ती दौलतबी कसली! तिनं बांधावरची चांगली माती आणली, चाळली आणि सुपात घालून ओट्यावर उन्हाला ठेवली. शेजारच्या साळूबाईनं, कोंडिबाच्या बायकोनं, विचारलं तेव्हा तिला सांगितलं, "ह्यांच्या नमाजासाठी हाय." मग दुपार कलल्यावर घागर, हंडा, डेरा, तांब्यातलं घोटभर पाणीसुद्धा तिनं परसात ओतून टाकलं आणि सूप आणायला ओट्यावर आली.

सूप रिकामं. ओट्यावर मात्र शेणानं सारवलेला ओलाकंच चौकोन, आणि बाजूला साळूबाई हात पुसत उभी.

"देवाचं काम म्हनलात न्हवं? मग नुसती माती कशी चालंल? शेण कालवलं अन् दिलं झकास सारवून."

आता हिला काय सांगावं? हिच्या देवाला शेणाशिवाय जागा शुद्ध होत नाही आणि आपल्या नमाजाला तेच शेण चालत नाही. बाई तर मायेनं राबली होती. "बरं केलंस," दौलतबी म्हणाली, आत गेली, दाराला अडसर घातला आणि दारालाच पाठ लावून बसली.

"दार उघड," मदारभाई अंथरुणातून म्हणाला. "असरच्या नमाजाची येळ झाली."

"घरात थेंब न्हाई अन् वढ्यावर मी जाऊ द्यायची न्हाई."

"मग माती आण की!" तो उठून बसला. त्या अवस्थेतही जिंकल्याची ऐट होती तोंडावर. "साळूनं सारवली, ऐकलं म्या. भुई शेणाची, भिंती शेणाच्या. सोड, मला जाऊ दे." एवढं बोलला आणि असा खोकला की दुमडून गेला. हाताला आलेलं लाल त्यानं लुंगीला पुसलं. तिनं ते पाहिलं.

माती आणायला बाहेर जावं तर दार उघडं पडणार, आणि दार उघडं पडलं की हा ओढ्याकडे सरपटत का होईना जाणार. दौलतबीनं कोपऱ्यातली कुदळ उचलली आणि पश्चिमेच्या भिंतीवर घातली. शेणाचे पोपडे ढासळले. अजून दोन घाव घातले, तशी आतली कोरडी पांढरी माती उघडी पडली.

"घर पाडतीस का, बये!"

"पाडीन! भिंत लिंपून घेता येती. तुमाला कुठनं लिंपून आणू?" ती ओरडलीच. "देणारा दया करून देतोय अन् तुमी ते उंबऱ्यावरनं माघारी धाडताय. कशापायी? कोंडिबानं वा म्हणावं म्हणून! नमाज अल्लाची का कोंडिबाची?"

मदारभाईनं त्या भगदाडाकडे पाहिलं. मग गुडघ्यांवर पुढे सरकला, तळवे मातीवर मारले, झटकले, तोंडावरून फिरवले. पुन्हा मारले आणि कोपरांपर्यंत हात पुसले. बसूनच नमाज पढला. दौलतबी रडत होती आणि तिला ते लपवावंसं वाटलं नाही.

"पाणी," तो नमाजानंतर म्हणाला. ती पुन्हा दाराशी धावली. "अगं, प्यायला!"

आणि घरात तर थेंब नाही! तिनं अडसर काढला, साळूबाईला हाक मारली. साळूबाईनं कळशी भरून दिली ती कोंडिबाच घेऊन आला आणि बिछान्याशी ठेवून टेकला. भिंतीतलं भगदाड बघून त्यानं विचारलं, "साळू मातीचं कायतरी सांगत हुती. मदारभाई, नेम मोडला न्हाई न्हवं?"

एव्हाना सूर्य बुडाला होता. मगरिबच्या नमाजाची वेळ. कळशी मदारभाईच्या हाताशी, काठोकाठ. दौलतबीनं ती ओढून घ्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला. आता ओढून उपयोग नव्हता; ठरवायचं त्यालाच होतं.

तो तांब्याभर पाणी प्याला. कळशीला हात टेकून थोडा थांबला. मग ती बाजूला सारली, भिंतीकडे सरकला आणि कोंडिबाच्या डोळ्यांदेखत मातीवर तळवे मारले.

"नीट बघून घे, कोंडिबा," चेहऱ्यावरून हात फिरवत तो म्हणाला. "मी आजारी हाय, अन् आजाऱ्याला ही सूट हाय. चावडीवर जाऊन सांग. अन् दबक्या आवाजात न्हाई, बर्फाचं सांगायचास तसं मोठ्यानं सांग."